लादी

ताहेरभाईंनी काउंटरवर तीन जोड मांडले
आणि पंखा दोनवर केला.
लोहार चाळीतला जानेवारी तेवढ्यापुरताच.

पहिल्याला तारेच्या स्प्रिंगा, रबराच्या जाळीत ओवलेल्या.
"चालायला बरं. धावायला गेलात, मॅडम,
तर आत बर्फ भरतो, मग तुम्ही लाडवांवर धावता."
दुसऱ्याला साखळ्या, साखळ्यांना त्रिकोणी दात,
एका पायाला अठरा. मी मोजले.
उचललं की भांड्यांच्या दुकानासारखा आवाज.
तिसऱ्याला नुसते टिकलीएवढे खिळे,
टाचेखाली चार, चवड्याखाली आठ,
विश्वास बसू नये इतके थोडे.

"तुम्ही वापरलेत?"
"मी?" ते हसले. "मी माथेरानच्या वर गेलेलो नाही."
तिन्ही जोड उधार दिले, सोमवारपर्यंत.

फेब्रुवारीत लडाखला गोठलेल्या तळ्यावर एकवीस किलोमीटर.
पैसे भरलेत. एक्कावन्न भरलंय.
वरळीच्या कट्ट्यालगत मी रोज दहा धावते,
गुडघा काही बोलतो, ते मी ऐकत नाही,
पण घसरायचं भय माझ्यात वेगळं ठेवलेलं आहे,
आई मोरीत पडली त्या सकाळपासून.
शेवाळ नव्हतं. साबणाचं पाणी होतं, चमचाभर.
नंतर आम्ही तिथे गोणपाट टाकलं.
नंतर.

मुंबईत बर्फ कुठे असतो?
गोळ्यात, मासळीवर, मढ्याखाली.
ऑफिसातली रेवती म्हणाली, माझा काका आहे ना
ससून डॉकच्या बर्फ कारखान्यात.

पहाटे साडेचार. घसरंडीवरून लाद्या येत होत्या
धाडधाड, आतून धूर धरलेल्या काचेसारख्या.
धाकलूकाकांनी आकडा लावून आठ लाद्या ओढल्या,
एकामागे एक घातल्या, पंगतीचे पाट मांडावेत तशा.
"पळ," म्हणाले. "गाडी भरायला यायच्या आत."

स्प्रिंगा तिसऱ्या लादीवर फिरल्या, मी बसले,
कोळणींच्या टोपल्यांकडून एक हसू आलं, मोठं.
साखळ्यांनी धरलं. इतकं धरलं
की पाय मागे राहिला आणि गुडघा पुढे गेला,
त्या वेळी तो जे बोलला ते ऐकावंच लागलं.
तिसरा जोड चढवताना रबर बोटं कापत होतं;
बुटाच्या नाकापासून टाचेपर्यंत ताणला,
खाली बोट जातंय का पाहिलं. जात नव्हतं.
आठ लाद्या गेले. वळले. आठ लाद्या परत.
चर्र चर्र, भाकरी मोडल्यासारखं.

काकांच्या गमबुटाला काथ्याचे दोन वेढे होते, बाकी काही नाही.
मी त्याकडे बघत राहिले तर म्हणाले,
"वीस रुपयांचा. पावसाळ्याला बदलतो.
आणि पाय आपटू नको गो बाय,
बरफ काय तुझ्या सासरचा नाय."

मी पुन्हा गेले. हळू. छोटी पावलं, गुडघा सैल.
समोर धक्क्यावर होड्यांचे दिवे हलत होते.
चौदा वेळा गेले मग, गाडीवाला हॉर्न देईपर्यंत.
आठव्या लादीला तोवर मध्यावर तडा गेला होता.

टॅक्सीत खिळे काढायचे राहिले.
म्हणजे राहिले नाहीत, मी काढले नाहीत.
इमारतीच्या फाटकापासून डांबरावर टिकटिकत आले,
राणी लग्नघरी येते तशी,
आणि लॉबीच्या काळ्या ग्रॅनाइटवर
दोन्ही पाय एकदम
कुणीतरी खालून चादर ओढल्यासारखे गेले.

वॉचमन रामसुरतने कोपर पकडलं म्हणून.
"लादी अभी पोछी है, मॅडम," तो ओशाळून म्हणाला,
जणू चूक त्याची.

पायरीवर बसून रबर सोडवलं.
खिळ्यांच्या फटीतून अजून पाणी ठिबकत होतं,
त्या पाण्याला बोंबलाचा वास होता.
मी खिशातला रुमाल काढून
आधी ग्रॅनाइट पुसलं.